पाय टेकणार नाही असा किनारा

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, बॉथेलमधल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून चार हजार आठशे साठ डॉलर भरले आणि आम्ही कॅरिबियनच्या सात दिवसांच्या क्रूझचं बुकिंग केलं. त्यात दोन खोल्या, जेवणखाण आणि जहाजावरच्या लोकांची टिप धरलेली होती. सिॲटलहून फ्लोरिडापर्यंतचं विमान वेगळं. हजर चौघे होते: मी, माझी बायको माधवी, बारावीत शिकणारी आमची मुलगी ईशा, आणि हिंगणघाटहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे सासरे, अण्णा.

अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "हे कोणाच्या पगारातून?"

"माझ्या," माधवी म्हणाली.

ते खरंही होतं आणि नव्हतंही, कारण आमचं बँकेतलं खातं एकच आहे. पण अण्णांना जावयाच्या पैशाने फिरायचं नव्हतं. मुलीच्या पैशाने कसंबसं चालत होतं.

अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. सगळी नोकरी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून झाली. मी खोलीत आलो की ते अजूनही उठून उभे राहायचा प्रयत्न करतात. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मला पोट सुटलं, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी त्यांच्या लेखी मी कालच मांडवातून उठलेला जावई आहे. आमच्या नाशकाकडे जावयाला चार दिवस मान देतात आणि पाचव्या दिवशी भाजी आणायला पाठवतात. विदर्भात तसं नाही. "जावईबुवा, तुम्ही बसा," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की बसूनबसूनच वजन वाढलं असावं.

दोन वर्षांपूर्वी अण्णा अंगणात पडले, मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. तेव्हापासून डावा पाय वर उचलत नाही. घरात चार पायांच्या काठीने चालतात, बाहेर काठी आणि कोणाचा तरी दंड. कोणाचा तरी म्हणजे माधवीचा किंवा ईशाचा. माझा कधीच नाही. मी हात पुढे केला तर ते भिंत धरतात.

अण्णा पट्टीचे पोहणारे. शेतातल्या विहिरीत सहाव्या वर्षी शिकले आणि पडेपर्यंत, म्हणजे पंचाहत्तरी उलटून गेल्यावरसुद्धा, उन्हाळ्यात रोज उतरत होते. पडल्यानंतर ते बंद झालं. डॉक्टरांची मनाई नव्हती, उलट पाण्यातला व्यायाम चांगला असं ते म्हणाले होते. पण विहिरीच्या पायऱ्या त्या पायाला जमेनात. बॉथेलला आल्यावर ईशाने त्यांना पोहण्याच्या तलावावर नेलं. ती तिथे शनिवार-रविवार लाइफगार्डचं काम करते. अण्णा काठावरच्या बाकावर बसले, पाण्याचा वास घेतला आणि म्हणाले, "हा तर दवाखान्याचा वास आहे." आणि परत आले.

क्रूझचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. "समुद्र मी मुंबईत पाहिला आहे. उतरलो नाही. एक दिवस मला उतरू द्या. पाय गेला, तर पोहणंही गेलं का, तेवढं पाहायचं आहे."

फेब्रुवारीत ते परत जाणार होते. पुन्हा येतील असं आम्हाला कोणालाच वाटत नव्हतं, त्यांनाही नाही. त्यामुळे बाकीच्या सहा दिवसांत काय पाहायचं याची मी फारशी चिंता केली नाही. एका दिवसाची केली.

समुद्रावरचा दिवस

जहाजाच्या वाटेत एकच मुक्काम असा होता की जिथे समुद्रात उतरायला पुरेसा वेळ मिळणार होता: सेंट थॉमस. हे बेट अमेरिकेचंच आहे. तिथे डॉलर चालतो, आपला फोन चालतो, टपालपेटीही बॉथेलसारखीच निळी. जहाज सकाळी लागणार आणि संध्याकाळी पाचला सुटणार. साडेचारच्या आत सगळे आत हवेत, नाही तर जहाज थांबत नाही, असं लाउडस्पीकरवर तीनदा सांगितलं होतं.

आदल्या दिवशी चहूकडे नुसतं पाणी होतं. मी जहाजाच्या अकराव्या मजल्यावर सावलीत बसून बेटावरच्या किनाऱ्यांचा अभ्यास केला. माझं काम एका बायोटेक कंपनीच्या हिशेब विभागात आहे, त्यामुळे मला तक्ता केल्याशिवाय काही सुचत नाही. पाच किनारे घेतले. धक्क्यापासून किती दूर, लाटा किती, सावली आहे का, स्वच्छतागृह किती जवळ, लाइफगार्ड आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी हळूहळू खोल होतं की एकदम.

पहिला आला मेगन्स बे. मैलभर पांढरी वाळू, तिन्ही बाजूंनी डोंगर, लाटा जवळजवळ नाहीत, लाइफगार्ड आहे, आणि पाणी इतकं उथळ की बराच आत गेलं तरी कमरेपर्यंतच. शेवटचा आला पूर्वेकडचा एक लहानसा किनारा. वाळू थोडी, खडक जास्त, लाइफगार्ड नाही, एक लाकडी धक्का, आणि कोणीतरी लिहिलं होतं, 'काठापासूनच खोल.' मी त्याच्यापुढे लिहिलं: ज्येष्ठांसाठी अयोग्य.

"किती मस्त केलं आहेस," माधवी म्हणाली. "पण अण्णांना विचारलंस का?"

"त्यात विचारायचं काय? सगळ्यात सुरक्षित आहे तो निवडला."

अण्णा शेजारीच आरामखुर्चीत होते. जहाजावरच्या जेवणात तिखट नाही म्हणून त्यांनी जवसाच्या चटणीची पुडी खिशात ठेवलेली असे. ती ते पिझ्झाच्या तुकड्यावर भुरभुरवत होते. "जावईबुवांनी पाहिलं म्हणजे बरोबरच असंल," म्हणाले. जावयाने काही ठरवलं की त्यावर बोलायचं नाही, हाही त्यांच्याकडचा नियम. ह्या नियमाने पुढे आमचा अर्धा दिवस खाल्ला.

सेंट थॉमस

धक्क्याबाहेर टॅक्स्यांची रांग होती. इथली टॅक्सी म्हणजे मोठा उघडा ट्रक, त्यावर छप्पर आणि आडवी बाकं. मी पहिल्या ट्रकपाशी जाऊन विचारलं, "मेगन्स बेला किती घेणार?"

ड्रायव्हर एक साठीच्या बाई होत्या, डोक्यावर फुलाफुलांचा रुमाल. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग."

"गुड मॉर्निंग. मेगन्स बेला..."

"आता कसं," त्या म्हणाल्या. "इथे आधी गुड मॉर्निंग, मग पैसे."

नंतर लक्षात आलं की त्या बेटावर हा कायदाच आहे. दुकानात शिरा, टॅक्सीत चढा, आधी सगळ्यांना मिळून नमस्कार घालायचा. नाही घातला तर तुम्ही उद्धट. बॉथेलमध्ये आम्ही शेजाऱ्याला लांबून हात करतो आणि गॅरेजचं दार खाली सोडतो. अण्णांना हे फार आवडलं. ट्रकमध्ये आणखी दोन कुटुंबं बसली होती. अण्णा माधवी आणि ईशाच्या आधाराने चढले, काठी सांभाळली, दोन्ही हात जोडले आणि सगळ्या ट्रकला खणखणीत "राम राम" घातला. ट्रकने "गुड मॉर्निंग" म्हटलं. बाई आरशात पाहून हसल्या.

दुसरं आश्चर्य रस्त्याचं. ट्रक सुटला तो डाव्या बाजूने. अमेरिकेचा झेंडा, अमेरिकेची पाटी, अमेरिकेचीच गाडी, तिचं स्टिअरिंगही डावीकडेच, आणि चालणं भारतासारखं डाव्या हाताने. वीस वर्षं उजवीकडून गाडी चालवलेला मी प्रत्येक वळणावर पुढचं बाक घट्ट धरत होतो. अण्णा मात्र निवांत. "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा गाडी बरोबर बाजूने चालून राहिली," ते म्हणाले.

रस्ता डोंगरावर चढला आणि पलीकडे खाली मेगन्स बे दिसला. निळ्याचे किती प्रकार असतात ते तिथे कळतं. बाईंनी दोन मिनिटं ट्रक थांबवला. अण्णा नुसतं पाहत होते. माधवीने त्यांचा सदरा ओढून नीट केला, जणू कोणाकडे न्यायचं होतं.

मेगन्स बे

फाटकावर चौघांचं शुल्क भरलं, दोन खुर्च्या भाड्याने घेतल्या, समुद्रबदामाच्या झाडाखाली मांडल्या. झाडावरून एक हिरवा, काटेरी पाठीचा प्राणी खाली उतरून आमच्या पिशवीकडे यायला लागला.

"इग्वाना! आजोबा, डोन्ट मूव्ह!" ईशा म्हणाली.

"घोरपड आहे ती," अण्णा म्हणाले आणि काठी वाळूत आपटली. ती वळून गेली. "आमच्या बांधावर ह्याच्यापेक्षा मोठ्या होत्या."

अण्णांनी बनियन आणि अर्धी चड्डी घातली होती. पाणी खुर्चीपासून फार दूर नव्हतं, पण कोरड्या वाळूत चार पायांची काठी रुतते हे माझ्या तक्त्यात नव्हतं. एक पाय टाकला की काठीचे चारी पाय खाली. एका बाजूला माधवी, दुसऱ्या बाजूला ईशा, मागे मी, काहीही न धरता. पाण्यापर्यंत पोचेतो तिघांचा घाम निघाला.

आणि मग खरी अडचण सुरू झाली. पाणी घोट्याएवढं. आणखी चाललो, अजून घोट्याएवढंच. लाट नव्हती, पण परतणारं पाणी पायाखालची वाळू काढून न्यायचं. धड पाय रोवला की तो रुते, आणि रुतलेला डावा पाय त्यांना उचलता येईना. गुडघ्याएवढं पाणी यायला अजून बरंच अंतर होतं. अण्णा थांबले, पुढे पाहिलं, मागे पाहिलं, आणि तिथेच हळूच खाली बसले. पाणी त्यांच्या कमरेखाली, वीतभर. शेजारी एक दोनतीन वर्षांची मुलगी बादली घेऊन बसली होती. तिने अण्णांना आपलं फावडं दिलं.

ईशा म्हणाली, "आजोबा, मागे रेला, मी डोकं पकडते. फ्लोट करा."

अण्णा रेलले. पाठ वाळूला टेकली. एक लहान लाट तोंडावरून गेली. ते उठून बसले, तोंड पुसलं, मुलीचं फावडं मुलीला परत केलं.

"झालं माझं," म्हणाले. "चला."

आम्ही परत खुर्चीपर्यंत आलो. माधवीने त्यांचे पाय पुसले आणि मग माझ्याकडे पाठ करून पिशवी आवरत राहिली. ती रडत होती हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

मी चौघांसाठी जॉनीकेक आणले. तळलेली जाड पुरी म्हणा, किंचित गोड. अण्णांनी त्यावर जवसाची चटणी घातली. अर्धी खाल्ली. मला राहवेना.

"अण्णा, खरं सांगा. नियम बाजूला ठेवा. किनारा चुकला का?"

त्यांनी उरलेला जॉनीकेक बाजूला ठेवला. "जावईबुवा, हा छान आहे. चालणाऱ्यांसाठी आहे. मला चालता येत असतं तर मी हिंगणघाटातही चाललो असतो."

"पण उथळ आहे म्हणून सुरक्षित."

"कोणाला? विहिरीला उथळ बाजू असते का कुठे? उडी मारली की वीस हात पाणी. माझा पाय पाण्यात कधी टेकलाच नाही. टेकला की तो मोडलेला पाय होतो. नाही टेकला, की त्याला कोण विचारते?"

मी फोन काढला आणि तक्ता उघडला. शेवटच्या ओळीवर गेलो. काठापासूनच खोल. लाकडी धक्का. माधवीला दाखवलं. तिने ओळ वाचली, नाक पुसलं आणि विचारलं, "किती वेळ आहे आपल्याकडे?"

साडेबारा वाजत होते.

ईशा नाही म्हणाली. "बाबा, नो. तिथे लाइफगार्ड नाही. मी कोणालाही हेच सांगते, आणि आता आपल्याच फॅमिलीला..."

"तू आहेस ना."

"मी ड्यूटीवर नाहीये!"

"मग हो ड्यूटीवर," माधवी म्हणाली.

ईशाने अट घातली: आजोबा लाइफ जॅकेट घालतील. दुकानात दोन भाड्याने मिळाली, त्याच्याबरोबर एक लांब फोमची नळी. अण्णांनी जॅकेट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "हा तर डबा आहे."

"काय?" ईशाने विचारलं.

माधवीने समजावलं. खेड्यात पोरांना विहिरीत शिकवताना पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधतात, म्हणजे पोर वर राहतं. पोहता आलं की डबा सोडतात. डबा सुटला ही मोठी गोष्ट. त्या दिवशी घरी गूळ वाटतात.

"माझा डबा सुटून बहात्तर वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "आता नातीसमोर पुन्हा बांधू का?"

शेवटी तडजोड झाली. अण्णा जॅकेट घालणार नाहीत, ईशा फोमची नळी घेऊन हाताच्या अंतरावर राहील, ती "बाहेर" म्हणाली की वाद नाही. आणि जॅकेट मी घालेन, कारण मी चाळिशीनंतर शिकलेला पोहणारा आहे आणि माझ्यावर कोणाचाच भरवसा नाही.

धक्का

फाटकाबाहेर सकाळच्याच ड्रायव्हरबाई भेटल्या; त्यांनी आम्हाला तिथे सोडलं आणि ट्रक वर सावलीत लावला. तो किनारा खरोखरच तक्त्यात शेवटचा शोभेल असा होता. खडक, थोडी जाडी वाळू, दोन कोंबड्या, एक उलटी ठेवलेली होडी. पण रस्ता थेट लाकडी धक्क्याला लागत होता, आणि फळ्यांवर काठीचे चारी पाय घट्ट बसत होते. अण्णा एकटे चालले. टोकाला पाण्यात उतरणारी ॲल्युमिनियमची शिडी होती. खाली पाणी गडद निळं, आणि तळाचे दगड स्पष्ट दिसत असूनही खूप खाली.

ईशा आधी उतरली. तिने बुडी मारून तळ पाहिला, आजूबाजूचे खडक पाहिले, वर येऊन अंगठा दाखवला. मी शिडीने उतरलो आणि जॅकेटमुळे बुचासारखा हलत राहिलो.

अण्णा धक्क्याच्या कडेला बसले. काठी शेजारी आडवी ठेवली. घड्याळ काढून माधवीला दिलं. पाण्याला हात लावता येत नव्हता म्हणून फळीवर सांडलेल्या पाण्याला बोट लावून कपाळाला लावलं.

"आजोबा, स्लोली! शिडीने..."

अण्णांनी नाक धरलं आणि बसल्या जागेवरून स्वतःला सोडून दिलं.

ते खाली गेले. पांढरे बुडबुडे, त्यात बनियन, आणि मग काही नाही. मी हिशेबाचा माणूस आहे, पण किती सेकंद ते सांगता येणार नाही. माधवी धक्क्यावर गुडघ्यांवर आली होती. ईशा बुडी मारायच्या बेतात असताना तिच्या पलीकडे डोकं वर आलं.

"खारट आहे ना हे!" अण्णा ओरडले आणि थुंकले.

मग त्यांनी हात मारायला सुरुवात केली. मी त्यांना चोवीस वर्षं ओळखतो, पण पोहताना कधी पाहिलं नव्हतं. पाणी उडत नव्हतं. हात आत जायचा आणि बाहेर यायचा, एवढंच. डावा पाय मागे नुसता लोंबत होता आणि त्याची कोणालाच गरज नव्हती. ते उताणे झाले, हात पसरले. "हे पाणी तर मला वर फेकून राहिलं," म्हणाले. "विहिरीला ताकद लागते. इथे तर मेलेला माणूसही पोहेल."

"आजोबा!" ईशा ओरडली, पण हसत होती.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसली आणि मी ती माधवीलाही दाखवली. अण्णा सरळ जात नव्हते. समोर मोकळा समुद्र होता, पार क्षितिजापर्यंत, आणि ते गोल फिरत होते. एकाच मापाचं गोल, परत परत. विहिरीत सरळ जायला जागाच नसते. त्यांनी त्या समुद्रात आपल्या विहिरीएवढी जागा धरली होती आणि तेवढीच वापरत होते. ईशा नळी घेऊन त्या गोलाच्या बाहेरून फिरत होती.

एका फेरीत ते माझ्याजवळून गेले. जॅकेट पाहून म्हणाले, "जावईबुवा, डबा कवा सुटणार?"

त्यांनी माझी थट्टा केली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

पावणेतीनला ईशा म्हणाली, "बाहेर." अण्णांनी वाद घातला नाही. शिडीपाशी आले, दांडे धरले. आणि इथे मी पुन्हा चुकलो होतो. पाण्यात शिरायचा विचार मी केला होता, निघायचा नाही.

पाण्यात त्यांना वजन नव्हतं. शिडीवर ते सगळं परत आलं. उजवा पाय पायरीवर चढला, डावा उचलेना. ईशा आधी वर चढली होती; ती आणि माधवी वरून हात धरून ओढत होत्या. ओले हात निसटले आणि अण्णा परत पाण्यात. दुसऱ्यांदाही तेच. त्यांचे ओठ आता फिकट दिसत होते. शेजारी काठावर कोणी नव्हतं. ड्रायव्हरबाई ट्रकपाशी, पार वर.

मी अजून पाण्यातच होतो. अण्णांच्या खाली, शिडीच्या पाण्यातल्या शेवटच्या पायरीवर उभा राहिलो आणि दोन्ही दांडे घट्ट धरले. "अण्णा, उजव्या पायाने माझ्या खांद्यावर उभे राहा. मग वरच्यांना ओढता येईल."

"छे छे! काही तरीच काय?"

"अण्णा..."

"जावयाला पाय लावू का मी? नरकात जाऊ? काही झालं तरी नाही. मी आणखी एकदा पाहतो."

"तुम्हाला आणखी एकदा जमणार नाही," मी म्हणालो. चोवीस वर्षांत मीही त्यांच्याशी असं बोललो नव्हतो.

ते दांडा धरून लोंबत राहिले. दम लागला होता. मग वरून माधवी म्हणाली, "अण्णा, ते आत्ता जावई नाहीत. शिडी आहेत. शिडीवर पाय द्यायचाच असतो."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एक हात सोडला, त्या ओल्या हाताने माझ्या उजव्या खांद्याला स्पर्श केला, तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. आणि पाय दिला.

जड होता. फॅक्टरीत चाळीस वर्षं उभा राहिलेला पाय होता. मी डोळे मिटून दांडे धरले. वरून "थोडं अजून, थोडं अजून," असं ऐकू येत होतं. मग खांदा एकदम हलका झाला आणि फळ्यांवर धपकन आवाज आला. वर पाहिलं तर तिघे एकावर एक पडलेले, आणि तिघेही हसत होते.

ट्रकपाशी बाई थर्मासमधला चहा पीत होत्या. त्यांनी अण्णांची ओली बनियन पाहिली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "राम राम?"

"राम राम," अण्णा म्हणाले.

आम्ही चारच्या आधी जहाजावर होतो.

पूर्व दिशा

संध्याकाळी, जेवायला जायच्या आधी, अण्णांच्या खोलीतून बोलावणं आलं. त्यांनी आंघोळ करून स्वच्छ सदरा घातला होता. टेबलाजवळची खुर्ची मधोमध आणून ठेवली होती.

"बसा. पूर्वेला तोंड करून." मग थांबले. "ईशा, पूर्व कुठे आहे?"

ईशाने फोनमधलं होकायंत्र उघडलं. खुर्ची आम्ही भिंतीकडे फिरवली. तेवढ्यात बंदराबाहेर पडणाऱ्या जहाजाने वळण घेतलं आणि पूर्व दाराकडे गेली. पुन्हा खुर्ची फिरवली. "आजोबा, लवकर करा, ती परत हलतेय," ईशा म्हणाली.

अण्णांनी माधवीकडून कुंकू घेतलं, मला टिळा लावला. पाय लागला होता त्या खांद्यावर नवा रुमाल घातला. मग बॅगेतून एक पाकीट काढलं, हिंगणघाटहून आणलेलं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. "नाही म्हणू नका," ते म्हणाले. मी नाही म्हणालो नाही. उठायला गेलो तेव्हा त्यांनी तोल जाईल म्हणून हात पुढे केला आणि माझा दंड धरला. भिंत जवळच होती.

जेवणाच्या हॉलपर्यंत ते माझ्या दंडाला धरून चालले.

त्या दिवसाचा खर्च, ड्रायव्हरबाईंची टिप, फाटकावरचं शुल्क, खुर्च्या, जॅकेटं आणि जॉनीकेक धरून, दोनशे अकरा डॉलर; तो माझ्या आणि माधवीच्या खात्यातून गेला. आणि त्यावर एकशे एक रुपये. ते अण्णांनी दिले, मला, खांद्याबद्दल.